किती बिघडलंय ते सांगा

आमच्या कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर तीन रिॲक्टरच्या तीन पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टीवर पाच पायऱ्या आहेत. ठीक, जरा, बरंच, फार, आणि पळा. बाहेरून कोणी तपासणीला आलं की पहिल्या चार पायऱ्या गंभीरपणे वाचतं आणि पाचवीला हसतं. "हे कोणी लिहिलं हो?" मी सांगतो, केतकरबाईंनी. मग त्या माणसाला वाटतं, कोणीतरी विनोदी बाई असणार. विनोदी होत्या, नाही असं नाही. पण हा शब्द त्यांनी विनोदानं लिहिलेला नाही.

मी सावंत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळतो, राहतो कोपरला. कंपनीचं नाव घेत नाही, आमचे शेठ तेवढ्यानंही घाबरतात. रिॲक्टर म्हणजे घट्ट झाकणाचं भलंमोठं पातेलं समजा. आत रसायनं ढवळली जातात, ढवळताना ती आपोआप तापतात, आणि बाहेरून गुंडाळलेल्या जॅकेटमधून थंड पाणी फिरवून त्यांना ताब्यात ठेवायचं, एवढाच आमचा धंदा. ताब्यात राहिली तर रंगाचा कच्चा माल तयार होतो. नाही राहिली तर काय होतं, ते डोंबिवलीकरांना समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे मोठा आवाज झाला की बायका हातातलं काम टाकून गच्चीवर जातात आणि धूर कुठल्या बाजूला आहे ते बघतात.

बाई येण्याआधी आमच्याकडे साधे अलार्म होते. पंच्याहत्तर अंशांच्या खाली सगळं ठीक, वर गेलं की बोंब. म्हणजे चौऱ्याहत्तर पूर्णांक नऊला गप्प बसलेला भोंगा पंच्याहत्तर पूर्णांक एकला जीव जाईस्तोवर ओरडायचा. पुन्हा दोन दशांश खाली आलं की गप्प. पुन्हा वर, पुन्हा बोंब. दिवसातून इतक्या वेळा की ऑपरेटर लोकांनी त्याच्या तोंडात पुसायचं फडकं कोंबून ठेवलेलं. मी रोज ते काढायचो, शिव्या घालायचो, आणि दुसऱ्या दिवशी फडकं पुन्हा जागेवर.

अशात शेठनी एक दिवस सांगितलं, ठाण्याच्या नौपाड्याहून एक मॅडम येणार आहेत, फजी लॉजिकचं काम करतात, त्यांना सगळी मदत कर. माझं डोकंच फिरलेलं. फजी म्हणजे अंधुक. म्हटलं, आता हे काय नवीन! आधीच इथे सगळं अर्धवट, त्यात मुद्दाम अंधुक चालणारं यंत्र बसवायचं? मी मनाशी ठरवूनच टाकलेलं की दोन दिवसांत बाईंना परत पाठवायचं.

बाई आल्या त्या स्वतःची छोटी गाडी स्वतः चालवत. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, साधा पंजाबी ड्रेस आणि पायात सेफ्टी शूज. आमच्या स्टोअरमध्ये बायकांच्या मापाचे शूज नसतात हे त्यांना आधीच माहीत होतं, म्हणून स्वतःचे घेऊन आलेल्या. मी ड्रॉइंगची गुंडाळी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, "छान," म्हणाल्या, आणि टेबलावर ठेवून दिली. "आधी सांगा, रिॲक्टर बिघडायला लागला की तुमच्याकडे सगळ्यात आधी कोणाला कळतं?"

मी म्हटलं, "मला."

त्या माझ्याकडे बघून इतक्या गोड हसल्या की मला माझीच लाज वाटली. म्हटलं, "भोईरमामांना."

भोईरमामा आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. इथलेच, शीळफाट्याकडच्या गावातले. त्यांच्या वडिलांची भातशेती जिथे होती तिथे आता टॉवर उभे आहेत. मामा खुर्चीवर बसलेले कधी कोणी पाहिले नाहीत. बाईंनी एक रिकामा ड्रम उपडा घातला, त्यावर बसल्या, मांडीवर वही घेतली आणि विचारलं, "भोईर, तुम्ही म्हणता बॅच जरा गरम आहे. हे जरा म्हणजे किती?"

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं. ही बाई येडी की आपण, असा तो चेहरा. मग म्हणाले, "जरा म्हंजी कवरा, ह्यो काय सवाल झाला काय बाय? जरा म्हंजी जरा. मानूस लांब नाय जानार, बाजूला उभा रानार."

"आणि जराच्या पुढे?"

"मंग बराच. मंग पानी वाढवाचा."

"त्याच्या पुढे?"

"फार. मंग मी ह्या सावंतला हाक मारतंय."

"आणि त्याच्याही पुढे?"

"त्याचे पुढं काय इचारतेस? पल म्हनाचा सगल्याना!"

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढे शेठ म्हणाले, स्क्रीनवर इंग्रजीत नीट काहीतरी लिहू या, हे बरं दिसत नाही. बाई म्हणाल्या, "त्या क्षणाला माणसानं शब्दाचा अर्थ शोधत बसू नये." शेठनी तेच शब्द ठेवले. आमच्या शेठनी माघार घेतलेली मी दोन-तीनदाच पाहिलीय.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला त्यांची विद्या समजावली. मी ऐकणार नव्हतो, पण त्या सांगायच्याच अशा. म्हणाल्या, "तुमचा अलार्म माणसाला दोनच गोष्टी विचारतो, आजारी आहेस की नाहीस. कोणता डॉक्टर असं विचारतो? तो विचारतो, किती दिवस, किती दुखतं, जेवण जातं का. चौऱ्याहत्तर अंश म्हणजे थोडं ठीक आणि थोडं जरा, दोन्ही एकाच वेळी. दोघांचंही ऐकायचं." मग त्यांनी कागदावर एकमेकांत घुसलेले डोंगर काढले, एक ठीकचा, एक जराचा, एक बरंचचा. "आता नुसतं तापमान नाही. बॅच जरा गरम, पण जॅकेटमधून बाहेर येणारं पाणी थंडच, याचा अर्थ काय?"

"जॅकेटमध्ये क्षार साठलेत. उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही."

"बघा, तुम्हाला येतं. हाच एक नियम. असे सगळे नियम तुमच्या माणसांच्या डोक्यात आहेत. मी फक्त ते मशीनला त्यांच्याच शब्दांत सांगणार."

मी तरी खवचटपणा सोडला नाही. म्हटलं, "सगळ्यांचं थोडं थोडं खरं मानलं तर शेवटी करायचं काय? हे म्हणजे नुसतं गोल गोल फिरणं."

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "अजिबात नाही, सावंत. शेवटी पाण्याचा वॉल्व्ह एकच आहे. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, वजन करायचं, आणि मग एकच आकडा काढायचा. वॉल्व्ह तेवढाच उघडायचा. तो आकडा काढायची ज्याला भीती वाटते, त्यानं ह्या धंद्यात येऊच नये."

मी डबा बंद केला. मनातल्या मनात म्हटलं, आयला, बाई भारी आहे.

पुढचं दीड वर्ष बाई आठवड्यातून तीनदा यायच्या. प्लँटमध्ये शिरल्या की आधी हाताची पालथी बाजू पाइपांजवळ धरत चालायच्या. त्यांच्या वहीला दोरीनं पेन्सिल बांधलेली असायची, कारण आमच्याकडे पेन ठेवलं की ते पाच मिनिटांत कोणाच्या तरी खिशात जातं. त्यांना हो किंवा नाही असं उत्तर दिलेलं चालायचं नाही. पंप बिघडलाय म्हटलं की लगेच, "किती बिघडलाय ते सांगा." वैताग यायचा. एकदा मी रागावून म्हटलं, "बाई, मला आत्ता बराच राग आलाय." त्या म्हणाल्या, "हं, हे उपयोगी पडणारं वाक्य आहे," आणि खरंच थोडा वेळ मला एकट्याला सोडून गेल्या.

एकदा मोठी गंमत झाली. आमचा दुसरा ऑपरेटर जाधव, साताऱ्याकडचा. बाईंनी त्यालाही बसवून तेच प्रश्न विचारले, तर त्याचं जरा जिथे सुरू व्हायचं तिथे मामांचं बरंच संपत आलेलं असायचं. दोघांची अशी जुंपली! जाधव म्हणतो, "मामा घाबरट हाय." मामा म्हणतात, "ह्याचे आंगावर आला तरी ह्यो जराच म्हनेल." मला वाटलं बाई दोघांची सरासरी काढणार. कोणीही तेच केलं असतं. त्यांनी एक आठवडा वाट पाहिली, दोघांच्या शिफ्टच्या नोंदी बघितल्या आणि जाधवला जवळ बोलावून म्हणाल्या, "तुमचं चूक नाही. पण जिथे स्फोट होऊ शकतो तिथे मी जो आधी घाबरतो त्याचं ऐकते. तुमच्या धाडसाचा उपयोग आपण पंपांसाठी करू." जाधव खूश, मामाही खूश. मला दहा वर्षांत त्या दोघांना एका बाकावर बसवता आलं नव्हतं.

त्यांच्या नौपाड्याच्या घरी मी एकदा वायरिंगचे कागद द्यायला गेलेलो. जुनी तीन मजली सोसायटी, खाली दवाखाना. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मंदार आणि सून बरोबर राहायचे. बाईंनी थालीपीठ केलं, लोणी वाढलं आणि माझ्यासमोर बसून विचारलं, "तिखट किती?" मी नुसतं "छान आहे" म्हटलं तर हलेनातच. मंदार हसत होता. म्हणाला, "काका, तुम्हाला आता कळतंय. मला लहानपणी आईनं गृहपाठ झाला का असं कधी विचारलं नाही. किती झाला, असं विचारायची. त्यामुळे मला खोटं बोलताच यायचं नाही. पूर्ण झाला म्हटलं तर वही बघायची, आणि थोडा राहिलाय म्हटलं तर ते खरंच असायचं!" बाई म्हणाल्या, "म्हणून तर बरा निघाला." किती बरा, असं विचारायचं माझ्या अगदी तोंडावर आलेलं.

पहिली शंका मला कधी आली ते सांगतो. बाई एक दिवस साडेनऊऐवजी अकरा वाजता आल्या. म्हणाल्या, "शीळफाट्याला कल्याणकडे वळायच्या ऐवजी पनवेलच्या रस्त्याला लागले. गप्पा मारत होते स्वतःशी." आम्ही हसलो. तिथे कोणीही चुकेल, रस्त्याचं काम कधी संपलंय का? मग महिन्याभरानं पुन्हा तसंच झालं. त्या वेळी त्या हसल्या नाहीत, म्हणून आम्हीही हसलो नाही. एकदा मामांना त्यांनी सकाळी विचारलेला प्रश्न दुपारी त्याच शब्दांत विचारला. मामांनी त्याच शब्दांत उत्तर दिलं, एका अक्षरानं जाणवू दिलं नाही. मामा मला नंतर म्हणाले, "बायचा काय तरी होतंय रं." मी उडवून लावलं. माणूस दमतं, मामा, वय झालं.

मग तिसऱ्या रिॲक्टरची ती दुपार आली.

तिसऱ्यावर बाईंची सिस्टीम चालू होऊन जेमतेम महिना झालेला. पहिल्या दोघांवर ती इतकी सुरेख चालत होती की फडकं पुन्हा लादी पुसायच्या कामाला लागलेलं. जेवणं आटोपून बाई आणि मी स्क्रीनसमोर बसलेलो. तिसऱ्याची पट्टी ठीक आणि जराच्या मध्ये होती. एवढ्यात मामा धावत आले. मामांना धावताना मी प्रथमच पाहिलं.

"बाय, तुजा परदा काय बोलतंय?"

"जराची सुरुवात."

"कंची सुरुवात? फेस आला वरती! मी पानी पूर्न सोरला हाय. चल, बग!"

आणि मी काय केलं? मी मामांवर ओरडलो. कोणाला विचारून पाणी पूर्ण सोडलंत, बॅच वाया गेली तर जबाबदार कोण, असं सगळ्यांसमोर. मामा तसेच जिन्याकडे वळले. आम्ही खाली गेलो तेव्हा रिॲक्टरच्या काचेच्या झरोक्यात फेस अगदी गळ्यापर्यंत आलेला दिसत होता. वीस मिनिटं आम्ही तिघं तिथे उभे होतो. हळूहळू फेस बसला. मामा पाच मिनिटं उशिरा आले असते, तर मी आज हे लिहीत नसतो.

मला वाटलं सेन्सर खराब. काढून तपासला, एकदम अचूक. वायरिंग तपासलं, तेही ठीक. मी वर आलो तेव्हा बाई वही उघडून बसलेल्या. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

तिसऱ्या रिॲक्टरवरचं जुनं काट्याचं गेज चार अंश जास्त दाखवतं. कायमच दाखवत आलंय. आमच्या प्लँटवर झाडूवाल्यालाही ते माहीत आहे. बदलत कोणीच नाही, बोलताना सगळे काट्याचाच आकडा बोलतात आणि मनातल्या मनात चार वजा करतात, आणि नवीन माणसाला पहिल्याच दिवशी ते सांगितलं जातं. मामा अठ्ठ्याहत्तरला फार गरम म्हणतात ते त्या काट्याचे अठ्ठ्याहत्तर, म्हणजे खरे चौऱ्याहत्तर. नवा सेन्सर खरं तेच सांगत होता. पण मशीनला दिलेल्या पायऱ्या मात्र काट्याच्या आकड्यांवर बेतलेल्या होत्या. म्हणजे मामांच्या दृष्टीनं फार झालेलं असताना मशीन जराच म्हणत बसलेलं.

आणि बाईंच्या वहीत, बाईंच्याच अक्षरात, ते लिहिलेलं होतं. "आर-तीन, गेज चार अंश जास्त. वजा करणे." दहा पानांनंतर पुन्हा तेच. पुढे तिसऱ्यांदा तेच, खाली रेघ मारून. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळल्यासारखं लिहिलेलं.

मी म्हटलं, "बाई, होतं असं. मीसुद्धा बघायला हवं होतं. आकडे बदलू, विषय संपला."

"तुम्ही भोईरांची माफी मागितलीत?"

"नाही अजून."

"आधी ते करून या."

मी खाली जाऊन मामांची माफी मागितली. मामा म्हणाले, "तू नेहमीच ओरडतंस, तेचा काय एवरा." आणि मला त्यांच्या डब्यातली सुकट दिली. परत वर आलो तर बाईंनी वहीचं शेवटचं पान उघडून ठेवलेलं. मी ते पान आधी कधी पाहिलं नव्हतं. तिथे त्यांनी स्वतःच्या नोंदी ठेवल्या होत्या, अगदी रिॲक्टरच्या ठेवाव्यात तशा. नावं आठवायला वेळ, जरा. खाली पुढच्या महिन्याला, बराच. रस्ता चुकणे, दोनदा. गॅस चालू राहणे, एकदा. आणि शेवटची ओळ, "तेच पुन्हा विचारणे. हे मला कळत नाही. मंदारला विचारणे."

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "ह्या वयात सगळ्यांचंच थोडंफार..."

"थोडंफार नाही, सावंत. डॉक्टरांकडे जाऊन आले मी. सुरुवात आहे म्हणाले. पण ही सुरुवात माझ्या स्वयंपाकघरात झाली असती तर भाजी करपली असती. इथे फेस गळ्यापर्यंत आला, भोईर होते म्हणून वाचलो."

आठवड्यानं शेठनी त्यांना बोलावलं. मीही होतो. शेठ माणूस कंजूष आहे, पण वाईट नाही. त्यांना दुसऱ्या प्लँटचं कामही बाईंनाच द्यायचं होतं. म्हणाले, "मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. माझाही चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधतो. बरोबर सावंत राहील, सगळं दोनदा तपासू. तुम्ही करणार ना?"

मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं की बाईंनी त्यांच्या नेहमीच्या रीतीनं उत्तर द्यावं. आठवड्यातून एक दिवस येईन म्हणाव्यात, नुसतं बघून देईन म्हणाव्यात. मधली एखादी वाट काढायची झाली तर त्यांच्याएवढी कोणाला जमणार? काम हे त्यांचं सगळं होतं. यजमान गेले त्याच्या पंधराव्या दिवशी त्या एका प्लँटवर उभ्या होत्या, हे मला मंदारनं सांगितलेलं.

बाई म्हणाल्या, "नाही."

शेठ थांबले, अजून काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. बाईंनी हात जोडले आणि त्या उठल्या. जिन्यात मी त्यांच्या मागून चालत होतो, तेव्हा त्यांनी कठडा घट्ट धरलेला दिसला.

पुढचे तीन आठवडे त्यांनी मला आणि मामांना समोर घेऊन एकेक नियम मोठ्यानं वाचून घेतला. तिन्ही रिॲक्टर. मामा ऐकायचे, मान हलवायचे, मी टिक करायचो, बाई स्वतः दुरुस्ती लिहून खाली सही करायच्या. चार अंश सगळीकडे वजा झाले. बाई थकायच्या, मध्येच एखादा नियम पुन्हा वाचायला लावायच्या, आम्ही पुन्हा वाचायचो. शेवटच्या दिवशी सगळं संपल्यावर त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या.

"सिस्टीमचा पासवर्ड बदल, दिलीप. आणि मला सांगू नकोस."

दीड वर्षात त्यांनी मला दिलीप म्हटलेलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, हे काय? तुम्ही असं काय करणार आहात?"

"मला माहीत नाही मी काय करीन. तेच तर. एक दिवस मी येईन. मला खात्री असेल की माझंच बरोबर आहे. मी ओरडेन, तुझा अपमान करीन. मला देऊ नकोस."

"लिहून ठेवू या का, बाई? म्हणजे तेव्हा तुम्हाला दाखवता येईल."

"नको. त्या दिवशी मी तो कागद मानणार नाही. तू मात्र माझं आजचं मान."

दोनदा टाइप करताना चुकलो. बाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, मामा दारात उभे. झालं म्हटल्यावर त्यांनी खुर्ची वळवली आणि म्हणाल्या, "चला, चहा सांगा."

सात-आठ महिने गेले. मी मधूनमधून फोन करायचो. कधी छान बोलायच्या, कधी फोन मंदार घ्यायचा. एका सकाळी मंदारचाच फोन आला, घाबरलेला. "काका, आई टॅक्सी करून निघून गेली. तुमच्याकडे येतेय बहुतेक." फोन ठेवतोय तोवर त्या दारात. तोच पंजाबी ड्रेस, तेच शूज, हातात वही.

"सावंत, तिसऱ्याच्या पायऱ्यांत चार अंशांचा घोळ आहे. मला काल आठवलं. आत्ता दुरुस्त करायला हवा. चार मिळवायचे आहेत."

मिळवायचे. मिळवले असते तर पायऱ्या पुन्हा त्या दुपारच्याच आकड्यांवर गेल्या असत्या. तरी क्षणभर, खोटं कशाला सांगू, मला वाटलं त्यांचंच बरोबर असेल. त्या आवाजाचं मी दीड वर्ष ऐकलेलं, आणि तो आवाज तसाच होता, स्वच्छ, ठाम. मी पुन्हा मनात वजाबाकी करून पाहिली. मग म्हटलं, "बाई, ते झालंय. आपण वजा केलेत. हे बघा." मी त्यांच्या सह्यांचे कागद काढले. त्यांनी नीट वाचले.

"अक्षर माझं आहे. पण हे मी लिहिलेलं नाही. पासवर्ड सांगा."

"नाही, बाई."

"सावंत, खाली माणसं आहेत. मला वाद नकोय. पासवर्ड."

"तुम्हीच सांगितलंय मला, देऊ नकोस म्हणून."

"मी? मी असं का सांगेन?" त्या उभ्या राहिल्या. "माझं काम आहे ते. माझ्या हातचं काम, आणि मलाच हात लावायला बंदी? तुम्हाला माझी जागा हवी होती ना, ते सरळ सांगायचं. मी दिली असती. एवढ्या हलकटपणाची गरज नव्हती."

मामा पुढे आले. "बाय, बस जरा. चा घे." त्यांनी मामांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीही ह्यांच्यातलेच?" मामांचे डोळे भरून आले. मी त्या माणसाला अंगावर ॲसिडचे शिंतोडे उडाले तेव्हाही रडताना पाहिलेला नाही.

मंदार अर्ध्या तासात पोचला. बाई त्याच्याबरोबर खाली गेल्या, गाडीत बसल्या, समोर बघत राहिल्या. मी काचेशी वाकून म्हटलं, "येतो मी घरी, बाई." काच वर गेली.

त्यानंतर मी दोनदा नौपाड्याला गेलो. दोन्ही वेळा मंदारनं मला खालीच दवाखान्याजवळ गाठलं. "काका, राग मानू नका, पण नको. माझ्या बायकोचं नाव विसरते कधीकधी, बाबा कधी गेले ते विसरते. पण तुमचं नाव निघालं की चिडते, तो प्रसंग सगळा सांगते. तेवढं विसरतच नाही." मी म्हटलं, असू दे. परत येताना रिक्षात मी रडलो. त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, तुमचंच ऐकलं मी, तुमचंच! पण ते सांगायचं कोणाला? ज्यांनी सांगितलं त्या बाई आता तिथे नव्हत्या.

गेल्या रविवारी ठाण्याला काम होतं, म्हणून नौपाड्यातून चालत येत होतो. समोरच्या फुटपाथवर बाई दिसल्या. सुनेचा हात धरून सावकाश चाललेल्या, पायात साध्या चपला. मी थांबलो. त्यांची नजर माणसांवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. चेहरा कठोर झाला, ओठ आवळले गेले. त्यांनी तोंड फिरवलं आणि सुनेला ओढत पुढे नेलं.

मला ओळखलं त्यांनी. खरं सांगतो, मला बरं वाटलं. चिडून का होईना, त्या अजून मला ओळखतात. एक दिवस त्या माझ्याकडे बघून सहज हसतील, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तशा. त्या दिवशी मी काय करणार, मला माहीत नाही.